एकही फट नसलेली खोली

समोरच्या दारातले मिस्त्री जिन्यात नुसते खोकले तरी आमच्या मांडणीवरचे पेले वाजतात, असे माझी पत्नी म्हणत असे. त्यात अतिशयोक्ती होती, पण फारशी नव्हती. मिस्त्रींचा आवाज छातीतून येत नसे. तो त्याच्याही खालून, बहुधा तळमजल्यावरच्या त्यांच्या कारखान्यातून येत असावा. वृंदगानाच्या मंडळींनी त्यांना ‘खर्ज’ असेच नाव पाडले होते. बाकी सगळ्यांना ते मिस्त्री. त्यांच्या जन्मनावाने कोणी हाक मारली तर ते वळूनही बघत नाहीत, म्हणून इथेही मिस्त्रीच म्हणतो.

दारे आणि खिडक्या हा त्यांचा धंदा. कपाटे, पलंग असली कामे ते घेत नसत. ‘पलंग कुणालाही जमतो, चार पाय जमिनीला टेकले की झालं,’ असे ते तुच्छतेने म्हणत. त्यांनी बसवलेले दार कधी आपटत नसे. लावताना शेवटच्या क्षणी ते एक हलका सुस्कारा टाकी आणि चौकटीत जाऊन बसे. तो सुस्कारा ऐकवण्यासाठी मिस्त्री गिऱ्हाइकाला गप्प उभे करीत. ‘ऐकलंत? हवा बाहेर पडायला जागा शोधतेय. नाही सापडायची तिला.’ हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळे, की गिऱ्हाइकालाही आपण काहीतरी मोठे पाहिल्यासारखे वाटे.

वहिनी, म्हणजे मिस्त्रींची पत्नी, पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात कामाला होत्या. अंगाने बारीक, आवाजानेही बारीक. पण तो बारीकपणा ताणलेल्या तारेचा होता. दोघांचे दिवसातून एकदा तरी वाजे, आणि आमच्या दाराला मिस्त्रींनीच बसवलेली चौकट असल्यामुळे त्यातले फार थोडे आमच्यापर्यंत पोहोचे. जिन्यात मात्र सगळे ऐकू येई.

“भुसा झटकून घरात या म्हटलं तर अंगावर धावून येतात.”

“या भुशावर तर आपली चूल पेटते, बाई.”

“चूल गॅसवर पेटते. भुसा माझ्या नाकात पेटतो.”

एवढे झाल्यावर दोघे हात-पाय धुऊन, कपडे बदलून, एकामागून एक जिना उतरत आणि वाचनालयाच्या माडीवर गायला जात. वृंदगानाची तालीम तिथे होत असे. शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या एक बाई ती घेत. गाणारे सगळे हौशी होते: कचेरीतली टायपिस्ट, पोस्टातले दोघे, दवाखान्यातली एक नर्स, असे. वाद्य एकच, क्लॅरिनेट. ते वाजवणारे काका पोलीस बँडमधून निवृत्त झाले होते आणि बसतानासुद्धा टाचा जुळवून बसत.

बाईंची एक पद्धत होती आणि ती इतर कोणत्याही वृंदगानात मी पाहिलेली नाही. सगळ्यांना त्या गोलात, समोरासमोर उभे करीत. ‘ओठ बघा एकमेकांचे. कान फसवतील, ओठ फसवणार नाहीत,’ असे त्या सांगत. शिवाय गाणे चालू असताना त्या गोलाच्या आतून फिरत आणि प्रत्येकाच्या तोंडाजवळ डावा कान नेऊन सूर तपासत. उजव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हते, आणि डावाही उतरणीला लागला होता. हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणूनच कोणी त्याचा उच्चार करीत नसे. या पद्धतीने ती हौशी माणसे खरोखर एका सुरात येत.

गोलात मिस्त्रींची जागा दाराशी होती आणि वहिनींची त्यांच्या बरोबर समोर.

“घरी दिवसभर एकमेकांकडे पाठ,” क्लॅरिनेटवाले काका चिडवत, “आणि इथं बघा. लग्नात बघितलं नसेल इतकं बघतायत.”

“घरी बघितलं की काम सांगते हो ती,” मिस्त्री म्हणत.

“सांगते, पण होतं का?” वहिनी समोरून विचारत.

दोन गाण्यांच्या मध्ये काका क्लॅरिनेट उलटे करून आतले पाणी जमिनीवर झटकत. वहिनी पायाने फडके पुढे सरकवत. “काका, ही फरशी कोण पुसतं ठाऊक आहे ना?”

“वहिनी, थुंकी नाही ही. शुद्ध सूर आहे. गार झाला की त्याचं पाणी होतं.”

त्या वर्षी वाचनालयापुढचा रस्ता रुंद झाला आणि अवजड गाड्या तिथून वळवल्या गेल्या. नेमकी तेव्हाच बाईंनी एका स्पर्धेत नाव दिले होते. पहिल्या फेरीसाठी गाण्याचे ध्वनिमुद्रण पाठवायचे होते. प्रत्येक वेळी मधेच एखादा ट्रक घुसे. “आपला सूर जिथं टेकतो, तिथूनच त्या मेल्याचा भोंगा सुरू होतो,” बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. मिस्त्रींना कोणाचे डोळे पुसणे बघवत नसे. “थोडे दिवस द्या मला,” ते म्हणाले. “तुमच्या मांडीवर माशी बसली तरी तिचा आवाज येईल अशी खोली करून देतो.”

दिवसाचे काम संपले की ते वाचनालयाच्या माडीवर जात. जुन्या चौकटींच्या सगळ्या खाचा त्यांनी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्यांनी भरल्या. प्रत्येक खिडकीला आतून दुसरी काच बसवून कडांना लांबीचा लगदा भरला. छताजवळचा झरोका फळी ठोकून बंद केला आणि वर गादीसारखा फोम चढवला. हवा बाहेर फेकणारा पंखा गुणगुणतो म्हणून काढून टाकला. आणि शेवटी, कामाला स्वतःची सही करावी तसे, खिडक्यांचे सगळे स्क्रू सरस लावून घट्ट केले आणि त्यांची डोकी लाकडात बुडवून वरून भरून टाकली.

“उघडायची सोयच ठेवली नाही,” ते मला म्हणाले. “मंडळात दोनतीन जण आहेत, जरा घाम आला की खिडकीकडे धावतात. आता धावू देत. भिंत काय नि खिडकी काय.”

नव्या तापाच्या साथीच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रात येऊ लागल्या होत्या, पण त्या लांबच्या गावांच्या होत्या. तरीही मंडळाने काळजी घेतली. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण ही माणसे बेफिकीर होती असे पुढे पुष्कळांनी म्हटले. ती तशी नव्हती. प्रत्येकाने पाण्याचा पेला घरून आणला. दाराशी साबण आणि पाणी ठेवले. हातात हात द्यायचा नाही असे ठरले. खुर्च्या नर्सने स्वतः औषधाने पुसल्या. टायपिस्टचा घसा दुखत होता, तर बाईंनी तिला गाऊ दिले नाही. ती शाल लपेटून कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिली. मग मिस्त्रींनी दार लावले, दाराने सुस्कारा टाकला, आणि रस्ता नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला जिन्यात भेटल्या. हातात पाळणाघराच्या किल्ल्या होत्या आणि त्या चक्क हसत होत्या. “भावोजी, काल आमचा आवाज आम्हालाच पहिल्यांदा ऐकू आला. बाईंना तर प्रत्येकाचा वेगळा ऐकू आला. किती वेळ गात राहिलो, भानच राहिलं नाही. शेवटी काचांवर ही एवढी वाफ धरली होती, तर काकांनी बोटानं तिच्यावर लिहिलं, ‘खर्ज झिंदाबाद’.” हे शेवटचे त्यांनी मान जरा वर करून सांगितले. नवऱ्याचे कौतुक त्या त्याच्या पाठीमागेच करीत असत.

मिस्त्री माझ्यासारखेच खेड्यातून आलेले. आमच्याकडे जुन्या विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. मिस्त्रींना ही रीत माहीत होती. तरुणपणी त्यांनी स्वतः दोर धरला होता. पण विहिरीतली वाईट हवा दिवा विझवते. त्या खोलीत सगळे दिवे नीट जळत होते.

पहिल्यांदा क्लॅरिनेटवाले काका तापाने पडले. मग पोस्टातले दोघे, मग नर्स, मग बाकीचे, एकामागून एक. बाईंना नुसती सर्दी झाली. मिस्त्रींनाही थोडा ताप आला आणि गेला. फक्त लाकडाचा वास येईनासा झाला. एक फळी नाकाशी धरून ते मला विचारत होते, “भाऊ, हे सागवान आहे ना? मला तर हे पाण्यासारखं लागतंय.” त्याच संध्याकाळी वहिनी पाळणाघरातून आल्या आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या. वर येईनात. मी खाली गेलो तर त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. बोलायला श्वास उरला नव्हता. मिस्त्रींनी त्यांना उचलले. इतक्या वर्षांत मी त्यांना बायकोला हात धरून रस्ता ओलांडतानाही पाहिले नव्हते.

रुग्णालयात डॉक्टर होत्या त्या तरुण होत्या आणि फार थकलेल्या दिसत होत्या. वहिनींना आत नेल्यावर त्या बाहेर येऊन मिस्त्रींशेजारी बाकावर बसल्या. मी पलीकडे उभा होतो.

“तुमच्या मंडळातले आणखी पेशंट आलेत इथं,” त्या म्हणाल्या. “मला जरा त्या तालमीचं सांगा. खोली केवढी होती?”

मिस्त्रींनी लांबी, रुंदी, उंची सांगितली. धंद्यातला प्रश्न आल्यामुळे त्यांना किंचित हायसे वाटल्याचे मला दिसले.

“आणि खिडक्या?”

“खिडक्या मीच बसवल्यात,” मिस्त्री म्हणाले. “म्हणजे बंद केल्यात. दुहेरी काच. कडेनं नमदा. डॉक्टर, एकही फट नाही. बाहेर ट्रक गेला तर आत कळत नाही. झरोकासुद्धा बुजवला. दाराखालून कागद सरकवून दाखवा कुणीही.” ते बोलत होते आणि डॉक्टर ऐकत होत्या. “गाणं झालं तेव्हा काचांवर एवढी वाफ...” इथे ते डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

“ती वाफ कसली होती, सांगू?” डॉक्टर हळू म्हणाल्या.

मिस्त्री बाकाच्या कडेला सरकले.

“बोलताना तोंडातून जेवढं बाहेर पडतं, त्याच्या कितीतरी पट गाताना पडतं. आवाज जितका मोठा तितकं जास्त. बारीक तुषार असतात, दिसत नाहीत. मोठे थेंब खाली पडतात, ते पुसता येतात. हे पडत नाहीत, धुरासारखे तरंगत राहतात. आणि गाणारा माणूस श्वासही खोल घेतो. एकाचं बाहेर पडलेलं दुसऱ्याच्या पार तळापर्यंत जातं. खिडकी उघडी असली तर बरंचसं विरून जातं.”

“आणि नसली तर?”

“तर साठत जातं.”

मिस्त्री स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मग त्यांनी विचारले, “कुणापासून आलं हे?”

“ते सांगता येणार नाही. काहीच न होणारा माणूसही देऊ शकतो.”

“मी तिच्या बरोबर समोर उभा असतो. माझा आवाज सगळ्यांत मोठा आहे.”

“मी तुम्हाला दोष देत नाहीये.”

“पण माझ्यापासून असेल.”

“असेल. नसेलही. खरंच सांगता येत नाही.”

त्या उठून गेल्या. मिस्त्री बाकावरून उठेनात. मी चहा आणला, तो त्यांच्या हातात निवला. त्यांनी वाईट बातम्या यापूर्वी ऐकल्या नव्हत्या असे नाही. पण आपण जे सगळ्यांत चांगले केले तेच हे, अशी बातमी माणूस कुठे ठेवणार?

वहिनींना बघायला आत जाऊ देत नसत. दालनाला एक मोठी काच होती, तिच्याबाहेर उभे राहायचे. आत वहिनी पालथ्या झोपवलेल्या असत, तोंडावर मुखवट्यासारखी नळी, आणि पाठ अशी हलत असे की जणू कोणी तिला आतून ढकलते आहे. मिस्त्री तासन्‌तास उभे राहत. एकदा त्यांनी सवयीने काचेच्या कडेवरून बोट फिरवले. “बसवलीय चांगली,” ते म्हणाले आणि चटकन तोंड फिरवून जिन्याकडे निघून गेले.

त्याच आठवड्यात क्लॅरिनेटवाले काका गेले.

आता लोकांना कोणीतरी हवे होते. कोणी म्हणाले, काका जमिनीवर थुंकी झटकत होते, तिनेच घात केला; पण मेलेल्या माणसावर फार दिवस रागावता येत नाही. मग सगळ्यांच्या तोंडी टायपिस्टचे नाव आले. तिच्या घसादुखीला आता साऱ्या वस्तीत साक्षीदार होते. एका संध्याकाळी ती कारखान्यात आली. मी तिथेच होतो; मिस्त्रींना जेवायला वर न्यायला गेलो होतो.

“मिस्त्री, तुम्ही तरी सांगा लोकांना,” ती दारातूनच म्हणाली. “मी गायलेच नाही. तोंडसुद्धा उघडलं नाही. कचेरीत माझं टेबल बाहेर व्हरांड्यात टाकलंय. पोरीला शाळेतून घरी पाठवलं. बाजारात एक बाई म्हणाली, हिला भाजी देऊ नकोस, हिनं माणसं मारलीत.”

“आत ये, बस,” मिस्त्री म्हणाले.

“बसत नाही. तुमचंच माझ्याशी सगळ्यांत वाकडं असायला पाहिजे, वहिनी तिकडं असताना. म्हणून तुमच्याकडंच आले. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.”

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला, अंगावरचा भुसाही न झटकता तिच्याबरोबर निघाले आणि वाचनालयाच्या खालच्या दालनात, जिथे संध्याकाळी निम्मी वस्ती वर्तमानपत्र वाचायला जमते, तिथे उभे राहिले. ते फार बोलले नाहीत. “हिचं नाव घेऊ नका. खिडक्या मी बंद केल्या. उघडायची सोय मी काढून टाकली. काय बोलायचं ते मला बोला.” त्या आवाजात सांगितलेले शेवटच्या बाकापर्यंत पोहोचले. एका म्हाताऱ्याने पान उलटले, तेवढाच आवाज झाला. त्यानंतर टायपिस्टचे टेबल आत आले की नाही मला माहीत नाही. पण मिस्त्रींकडे नवी दारे-खिडक्या सांगायला येणारी माणसे कमी झाली, हे मात्र दिसले.

साथ जराशी ओसरली. वहिनी अजून रुग्णालयातच होत्या. पालथ्याच्या उताण्या झाल्या होत्या, एवढाच फरक. आणि बाईंनी तालीम पुन्हा सुरू करायचे ठरवले. जे बरे झाले होते त्यांना बोलावले, जे नव्हते त्यांच्या जागी नवी तरुण मुले-मुली घेतली. जागा तीच.

मिस्त्री बाईंच्या घरी गेले. मलाही नेले, एकट्याने गेलो तर तोल जाईल, असे म्हणाले.

“बाई, तिथं नको. खाली अंगणात गा. नाहीतर मी खिडक्या मोकळ्या करून देतो.”

“आणि ट्रक?”

“ट्रक ऐकू येऊ देत.”

“मिस्त्री, बरे झालेल्यांना परत होत नाही म्हणतात.”

“नव्या पोरांचं काय? ती कुठं बरी झालीत, त्यांना अजून झालेलंच नाही!”

बाई डाव्या कानावरचे केस मागे सारून म्हणाल्या, “तुम्हाला खरं सांगते. मला आता ऐकू येत नाही. बाहेर सगळा एकच कालवा येतो. त्या खोलीत त्या दिवशी मला एकेकाचा सूर ऐकू आला. तुमच्या बायकोचा तर केसाइतका बारीक, पण आला. ती खोली गेली की मी संपले. मी मरणाची वाट बघतेय, असं समजा, आणि तोवर राहू द्या ती.”

मिस्त्रींनी खरोखर हात जोडले. “तुमच्या पाया पडतो, बाई. तिचा तोच आवाज आता येत नाही. फुंकर घालायला सांगितली तर घालता येत नाही तिला.”

“उद्या सगळे यायचेत,” बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधी मिस्त्रींनी मला शिडी धरायला बोलावले. आधी त्यांनी स्क्रूंची डोकी उकरून काढली आणि पेचकस लावला. सरसाने धरलेला एकही स्क्रू हलला नाही. मग पटाशीने चौकटीची कड सोडवू लागले. लाकडाचा ढलपा निघाला, चौकट जागची ढळली नाही. पाचर ठोकली, ती मोडली. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. “काय मूर्खासारखं पक्कं केलंय,” ते स्वतःशीच पुटपुटत होते, “काय मूर्खासारखं...” खाली दारात गाणारे जमू लागले होते. कोणीतरी हसून विचारले, “खर्जदादा, अजून काम बाकी आहे होय?”

मिस्त्री शिडीवरून उतरले. हातोडा घेतला, मला मागे सरायला सांगितले आणि पहिली काच फोडली. मग आतली. मग पुढची खिडकी. इतके बेताने की एकही तुकडा माणसांच्या दिशेने उडाला नाही. रागाने फोडणारा माणूस असे फोडत नाही. शेवटी शिडी झरोक्याखाली नेऊन त्यांनी फोम फाडला आणि फळी उचकटली. रस्ता आत आला. भोंगे, धूळ, कोणाचे तरी भांडण, पलीकडच्या दुकानातला रेडिओ, सगळे एकदम आले.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डावा कान आधी एका खिडकीकडे वळवला, मग दुसऱ्या, आणि मग हात खाली सोडले. मिस्त्री त्यांच्याकडे न बघता गुडघ्यांवर बसून काचा वेचू लागले. नव्या मुलींपैकी एकजण मदतीला वाकली, तर ते एवढेच म्हणाले, “तू लांब उभी राहा, पोरी.”

पुढे वहिनी घरी आल्या. त्यांच्याबरोबर एक यंत्र आले, हवेतला प्राणवायू ओढून नळीतून नाकात सोडणारे. ते अखंड गुणगुणते. ज्या माणसाने गुणगुणतो म्हणून पंखा काढला होता, त्याच्या घरात आता हा आवाज थांबू नये म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पायऱ्या चढायच्या नाहीत, पाळणाघर सुटले. फुप्फुसांचा जो भाग गेला तो गेला, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या बऱ्या झाल्या का, या प्रश्नाला त्यांनी ‘घरी चालल्यात’ असे उत्तर दिले होते.

वृंदगान आता वाचनालयामागे, सायकली ठेवायच्या उघड्या शेडमध्ये होते. सगळे लांब-लांब, एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. बाई पुढे, बऱ्याच अंतरावर, नुसते ओठ बघून हात हलवतात. गाणे वाऱ्यावर विस्कटते. आमच्या मागच्या खिडक्यांपर्यंत त्याचे तुकडे येतात. मिस्त्री तिकडे जात नाहीत. त्यांच्या घरातली एकही खिडकी ते लावत नाहीत. थंडीत नाही, धुळीत नाही.

एका संध्याकाळी मी वहिनींसाठी औषधे घेऊन गेलो होतो. गार वारा सुटला होता.

“लावा ना ती खिडकी,” वहिनी म्हणाल्या. दर दोन शब्दांनी त्यांना थांबावे लागते. “कुडकुडतेय मी.”

मिस्त्रींनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांच्या अंगावर टाकली. खिडकीला हात लावला नाही.

“किती दिवस... असं करणार?”

“तुला सांगायचं होतं एक,” मिस्त्री म्हणाले. “ती खोली...”

“ठाऊक आहे.” वहिनींनी डोळे मिटले. “मला त्याच दिवशी गुदमरल्यासारखं झालं होतं. वाफ धरली तेव्हा. वाटलं, उघडावी जरा. मग आठवलं... उघडतच नाही.”

मिस्त्री उभेच राहिले. “मग बोलली का नाहीस? एरवी तोंडाला कुलूप नसतं तुझ्या!”

“तुम्ही समोर होता.” बराच वेळ नुसते यंत्र ऐकू आले. “इतके खूश होता. म्हटलं, राहू दे.” मग श्वास जमवून त्या किंचित हसल्या. “उभ्या जन्मात तुमचं काम बिघडलं नाही. तेवढं एक... बिघडायला हवं होतं.”

मी उठणार होतो, पण तेवढ्यात शेडकडून गाणे आले. त्या दिवशीचेच गाणे. वहिनींनी ओठ उघडले. पहिला शब्द आला, दुसरा आला, तिसऱ्यावर आवाज नुसती हवा झाला आणि मग हवाही संपली. त्यांनी हात वर करून मिस्त्रींना खूण केली: तुम्ही म्हणा.

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्यापासून आता कसलाही धोका नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितले होते; त्यांना ते पटलेही होते. वहिनींनी पुन्हा खूण केली. तेव्हा ते खिडकीपाशी गेले, दोन्ही हात चौकटीवर टेकले, मान जेवढी जाईल तेवढी बाहेर काढली आणि रस्त्याकडे तोंड करून त्या ओळीचा खर्ज लावला. किती महिन्यांनी तो आवाज ऐकत होतो. पेला वाजला नाही. सगळा बाहेर गेला.

“इकडं बघून म्हणा ना,” मागून वहिनी म्हणाल्या.

त्यांना ऐकू गेले असणार, कारण पाठ क्षणभर थबकली. पण ते वळले नाहीत. ओळ संपल्यावरही ते तसेच, तोंड बाहेर ठेवून, उभे राहिले.